नानांच्या लॉनवरचं गवत

लग्नाच्या लॉनवर बुकिंग बघणाऱ्या बाईकडे नवरा-नवरीचे किस्से असणार, असं सगळ्यांना वाटतं. ते मी विसरून जाते. माझ्याकडे साठलेत ते गवताचे.

आमचं लॉन कोन गावच्या रस्त्याला. मालक नाना. त्यांची बाकीची शेतं गोडाऊनखाली गेली, हा एकच तुकडा त्यांनी हिरवा ठेवला. प्रणालीची, म्हणजे त्यांच्या मुलीची हळद या गवतावर होणार, हे ते भेटेल त्याला सांगायचे. तिचं लग्न ठरलं आणि गवत पिवळं पडायला लागलं.

*

रोज सकाळी बगळे उतरायचे. नाना म्हणायचे, पाहुण्यांच्या आधी बगळे आले, शकुन चांगला हाय. एकदा मी गवताला हात लावला, तर ते चटईसारखं सुटून वर आलं. खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या. हुमणी! मुळं फस्त. बगळे त्यांच्यासाठीच येत होते.

"पंगत बसली," नाना म्हणाले, "नि आमंत्रण कोणी दिलंच न्हाय."

*

खताच्या दुकानातल्या भाऊंनी कीटकनाशकाची बाटली आणि अळी मारणाऱ्या बुरशीची पुडी, दोन्ही दिलं. म्हणाले, बाटलीतलं औषध थोडंच घ्यायचं. त्याने अळी मरत नाही, सुस्त होते, अंगावरची बुरशी झटकत नाही. मग बुरशी आत शिरून तिला संपवते.

नाना हसले. "आमच्या जमिनी अशाच गेल्या. आधी पाजलं, मग सह्या घेतल्या."

*

फवारल्यावर गवताला विश्रांती हवी, म्हणून नानांनी एक बुकिंग रद्द केलं. नवऱ्याचे मामा भांडायला आले. नवरीकडच्यांना सांगायचं काय?

"सांगा, गवत आजारी हाय."

*

मग मेलेल्या अळ्यांवर हिरवी बुरशी दिसायला लागली. भाऊ फोनवर म्हणाले, काम झालं, आता हात लावू नका. नाना त्या दिवशी अकलोलीला पत्रिका वाटायला गेलेले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, ती बुरशी पाहिली. मी परोपरीने समजावलं.

"लग्नघराच्या अंगणात बुरशी? लोक काय म्हणतील गं?"

त्यांनी लॉनभर ब्लीचिंग पावडर टाकून घेतली, वर पाणी मारलं. भांडी घासायच्या जागेजवळचा तुकडा तेवढा सोडला, तिथे कोण पाहुणा येतोय म्हणून.

नाना परतले तेव्हा फाटकापर्यंत वास येत होता. ते पायरीवर बसून राहिले. आठवड्यात गवत जळून गेलं. काकू अजूनही मला विचारतात, "मी साफच केलं ना गं?"

*

हळदीला डेकोरेटरने सगळीकडे हिरवं कार्पेट अंथरलं. स्टेज, फुलं, लाइटिंग, सगळं झकास. नानांनी प्रणालीचा पाट स्वतः उचलला आणि स्टेजवरून पुढे निघाले. थेट भांड्यांच्या जागेपाशी. तिथलं गवत घोट्याएवढं वाढलेलं, हिरवंगार. कढया घासणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या.

डेकोरेटर धावत आला. कॅमेरे तिकडे लावलेत, म्हणाला.

"तुझा स्टेज राहू दे. माझी पोर गवतावर बसल."

प्रणाली बसली. मागून काकू आल्या, हातात हळदीची वाटी. खरकट्या टोपांपाशी त्यांनी चपला काढल्या आणि गवतावर पाय ठेवला.