माळरानाचा मधला आकडा

"एकच आकडा सांगा हो," कारखान्याचा मॅनेजर टेबलावर बोट आपटत म्हणाला. "खालचा नि वरचा, असले दोन-दोन काय देता?"

इंदापूरच्या रेस्टहाऊसवर मंजुरी समितीची मीटिंग चालू होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात. लोणी देवकरजवळ खताचा कारखाना येणार होता. त्यातून अमोनिया सुटणार आणि त्यातला नायट्रोजन शेजारच्या माळरानावर उतरणार. उसाला नायट्रोजन हवाच, युरिया आपण त्यासाठीच टाकतो. माळाचं उलटं. तिथलं पवन्या, कुसळी हे गवत उपाशी जमिनीतच टिकतं. जमिनीला जास्त खायला मिळालं की आडदांड तण येतं आणि गवताला दाबून टाकतं. माळ किती सोसेल, ते लिमिट सुचवायचं काम माझ्याकडं होतं. बारामतीत माझी माती-पाणी तपासायची लॅब होती, कुणाच्या ओळखीशिवाय उभी केलेली.

मी खरं ते लिहिलं होतं. अशा लिमिटचे परदेशातले तक्ते थंड, ओलसर रानांचे. आपला माळ वर्षातला बराच काळ कोरडा. म्हणून दोन आकडे दिले. खालच्याच्या आत बहुतेक धोका नाही, वरच्याच्या पुढं नुकसान नक्की. मधलं मला माहीत नाही.

"माहीत नाही म्हणायची फी घेता का?" मॅनेजर म्हणाला.

"माहीत नसताना माहीत आहे म्हणायची जास्त असते. तुम्हाला परवडायची नाही."

बिरूतात्या मेंढपाळ दाराशी उभे होते. त्यांची मेंढरं त्याच माळावर जगत होती.

"सायेब, आमच्या मेंढरास्नी कुठला आकडा खायाचा?"

लोक हसले. मी हसलो नाही. "खालचा, तात्या. त्यावर अडून बसा."

"बसाय खुर्ची तरी द्या मग."

अध्यक्ष रिटायर्ड इंजिनिअर, भला माणूस. मॅनेजरला म्हणाले, "हे खालचा म्हणतात, तुम्हाला वरचा हवा. मधला धरू. दोघांचंही राहिलं."

माझं डोकं फिरलं. माझे वडील बैलबाजारात दलाल होते. उपरण्याखाली बोटं दाबून सौदे कसे तुटतात, म्हणजे भाव कसा ठरतो, ते मी पाहिलंय. भावात मीही कुणाला ऐकत नाही.

"बैल विकतोय का आपण? मालक चढवून सांगतो, गिऱ्हाईक पाडून मागतं, म्हणून सौदा मध्ये तुटतो. इथं दोन्ही आकडे माझेच आहेत! माळ कुठं बसलाय सौद्याला?"

"तापू नका, बसा," अध्यक्ष म्हणाले. "सरासरी तुमच्या शास्त्रातही असतेच की."

ठराव झाला. चहा आला.

कारखाना पुढं नियमानं चालला. प्रत्येक तपासणीत मधल्या आकड्याच्या आतच. काही वर्षांत माळ हिरवागार दिसू लागला. जवळ गेलं की कळायचं, गवत उरलं नव्हतं. टाकळा आणि गाजरगवत माजलं होतं. मेंढरं तोंड लावत नव्हती. तात्यांनी कळप विकला आणि त्याच कारखान्यात पोती उचलायला लागले.

मी मॅनेजरला जाऊन भिडलो.

"आम्ही लिमिटमध्ये आहोत," तो म्हणाला. "आणि लिमिट तुमच्याच रिपोर्टवरून ठरलंय."

माझ्या रिपोर्टात तो आकडा कुठंच नव्हता. लोक अजून तो माझ्याच नावावर सांगतात.

तेव्हापासून मी एकच आकडा लिहितो, खालचा. शास्त्राला हे धरून नाही, मला कळतं. पण दोन टोकं दिली की लोक मध्ये तोडतात. आणि खालचा पाळला असता तर तात्यांचा माळ वाचला असता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.