भाषाविज्ञान घेणाऱ्या मुलीची आई

बारावीनंतर काय घ्यायचं, हे सांगायला मुरबाडच्या कॉलेजात मुलांना आणि पालकांना बोलावलं होतं. धाकट्या बहिणीसोबत मीही गेले होते. शेजारच्या बाकावर जवळच्या म्हसा गावाकडची एक बाई लेकीला घेऊन बसली होती. कुणी शिकलेलं जवळ आलं की ती तोंडाशी पदर धरून बोले.

"मावशी, मुलगी काय घेणार?" मी विचारलं.

"इंग्लिश नायतर भाषेचंच कायतरी. घेऊ दे. पन आताच मी 'नाय' बोलली का ही बोलते, 'नाही' बोल. मंग मी गपच ऱ्हाते."

"आई, गप ना गो!" लेक लाजली.

"बघा, परत गप केलं!" ती हसत म्हणाली.

शुद्ध बोलण्याच्या नावाखाली आपण घराघरांतल्या आयांना मुकं केलं आणि त्याला शिक्षण म्हटलं.

समोर कॉलेजच्या मॅडम सांगत होत्या, इंग्रजी साहित्य इथेच शिकता येईल. लेखन किंवा भाषाविज्ञान हवं असेल तर मुंबईला राहावं लागेल. लेक पुटपुटली, "मला भाषाविज्ञान पायजे."

बाई उठून उभी राहिली. "मॅडम, त्यात मानसाचं बोलनं सुदारतात काय?"

मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "नाही. माणसं जशी बोलतात, तसं आधी ऐकायला शिकवतात."

बाई खाली बसली. लेकीचा हात तिने मांडीवर ओढून घेतला.

"मंग जा गो मुंबईला. सुट्टीत येशील तवा पयलं माजं ऐक."