साडभाऊंचा लाल ठिपका

आमच्या साडभाऊंनी, म्हणजे माझ्या मेहुणीच्या नवऱ्याने, जन्मात न तपासता घेतलेली वस्तू एकच, ती म्हणजे माझा शब्द. आणि नेमकी तीच नासकी निघाली. बाकी मंगरूळपीरच्या बाजारात त्यांना येताना पाहिलं की दुकानदार सुस्कारा टाकत. छत्री घ्यायची तर ती उघडून आधी शेजारच्या हॉटेलाच्या नळाखाली धरणार. गजराचं घड्याळ घ्यायला गेले तेव्हा तासाभरानंतरचा गजर लावून दुकानातच बसून राहिले, आणि तो वाजल्यावर "आता घंट्याभरानं पुन्हा पाहू" म्हणाले. मुलीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी प्लग सैल केलेली स्कूटर देऊन पानं आणायला पाठवलं. मुलाने वीस-पंचवीस किका मारल्या, घाम पुसला, हसला आणि पायी जाऊन पानं घेऊन आला. साडभाऊंनी तिथल्या तिथे होकार दिला. मला म्हणाले, "चालू तं सगळेच असतात, साडभाऊ. तापल्यावर कसे वागतात, ते पाहा लागते."

हे सगळं शास्त्र सोयाबीनमधून आलेलं. पेरणीआधी ओल्या पोत्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या रांगांत मांडून, गुंडाळी करून, किती उगवतात ते आमच्याकडे बरेच जण पाहतात. पण साडभाऊ दुकानातल्या सीलबंद पिशवीलाही सोडत नसत. तिसऱ्या दिवशी गुंडाळी थोडी उकलून पाहायची, हा त्यांच्या घरचा सणच. "पिशवीवर काय छापलं ते नोका वाचू. दाना काय म्हनते ते आयका." यावर माझी मेहुणी म्हणायची, "भाऊजी, लग्नाच्या आधी याईनं मले बी ओल्या पोत्यात ठेवून पाह्यलं असतं, माह्या बापानं नाही म्हटलं म्हणून!"

विहिरींच्या मोटारी दुरुस्त करता करता साडभाऊ टीव्हीपर्यंत आणि तिथून संगणकापर्यंत पोचले. शिकवलं कोणी नाही. तपासून जे पास झालं, त्यावर ते मेहुणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देत. त्या ठिपक्यावर कामरगावपर्यंतची माणसं डोळे मिटून विश्वास ठेवत.

मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि वाचनालयाचा चिटणीस झालो. वाचनालयाचा संगणक बंद पडला होता. त्याचा मेंदू म्हणजे प्रोसेसर गेला होता. साडभाऊंनी अकोल्याच्या भंगारातून एक प्रोसेसर शोधून आणला. बिस्किटाएवढा चौकोन, पोटाला शेकडो बारीक पिना, आणि वरचं नाव कोणीतरी घासून काढलेलं. मी म्हणालो, "याच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही." साडभाऊ म्हणाले, "कोऱ्या पिशवीतलं बी समजा." भिंगाखाली एकेक पीन पाहिली, वाकलेली सुईने सरळ केली, प्रोसेसर जागेवर बसवला, वर उष्णता ओढून घेणारं मलम लावून पंखा चढवला आणि कळ दाबली. पडदा उजळला. प्रोसेसरचं नाव त्या पडद्यावरच उमटलं. एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. साडभाऊंनी तो सलग तीन दिवस चालवला, दर तासाला हात लावून किती तापतो ते पाहिलं आणि मग ठिपका दिला.

संगणकाच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी वाचनालयात एकटाच होतो. आयुष्यभर दाखल्यावरचं नाव पाहून पोरं वर्गात घेतलेला माणूस मी; पडद्यावर उमटलेल्या नावाने माझं समाधान होईना. पुसलेलं नाव तिरप्या उजेडात तरी वाचता येईल, म्हणून मी संगणक उघडला आणि पंखा ओढला. मलमाने चिकटलेला प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून हातात आला. नाव दिसलं नाही. मी तो घाईघाईने जागेवर दाबला. काहीतरी कुरकुरलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या अध्यक्षांनी कळ दाबली. पडदा काळाच राहिला. साडभाऊंनी संगणक उघडला, वाकलेल्या पिना पाहिल्या आणि मला विचारलं, "साडभाऊ, तुमी उघडलं होतं का हे?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "मंग मीच बसवताना चुकलो," असं चारचौघांत म्हणाले, आणि ठिपका नखाने खरवडून काढला. प्रोसेसर कचऱ्यात गेला. तो मी हळूच उचलून चष्म्याच्या डबीत ठेवला. त्यानंतर कोणी काही आणलं की ते "माह्या हाताचा आता भरोसा नाही" म्हणून परत पाठवत. पुढच्या पेरणीचं बी त्यांनी पिशवीवरचं छापील वाचून घेतलं, हे मला मेहुणीकडून कळलं.

याला चार वर्षं झाली. वाचनालयाच्या मंडळींनी हे वाचावं, म्हणून लिहितो आहे. साडभाऊंना मात्र गेल्या आठवड्यात मी समोर बसून सांगितलं आणि डबी पुढे ठेवली.

त्यांनी प्रोसेसर उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "म्हणजे तीन दिवस चालला, तो खराच चालला होता?"

"हो."

"माही तपासणी बरोबर होती?"

"हो."

मेहुणी दारात उभी होती. "भाऊजी, चार वर्सं हे मानूस हात बांधून बसलं. तुमाले झोप कशी लागे?"

साडभाऊ उठले आणि न्हाणीत जाऊन पोतं भिजवून घेऊन आले. "पेरणी आली. दाने मोजा," म्हणाले. मी चष्मा पुसून शंभर दाणे मोजले आणि त्यांच्या ओंजळीत दिले. "बरोबर शंभर आहेत," मी म्हणालो.

साडभाऊंनी मान हलवली, दाणे पोत्यावर ओतले आणि पुन्हा एकापासून मोजायला सुरुवात केली.