गणितात शंभर

सोमलिंगला आमच्या ऑफिसात सगळे 'चाखणारा' म्हणायचे. भाजी नव्हे हो, प्रोग्राम! सत्त्याहत्तर साली सोलापुरातल्या आमच्या लहानशा कंपनीत शाळांचे निकाल तयार व्हायचे. कार्डांवर मार्कांच्या आकड्यांची भोकं आम्ही बायका इथं पाडायचो आणि गठ्ठा पुण्याच्या कॉम्प्युटरवर चालवायला जायचा. प्रोग्राम लिहायचा सोमलिंग. त्याचा हट्ट एकच: प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा सुटा चालवायचा. आधी उत्तर हातानं काढायचं, मग तुकड्याला खोटी कार्डं द्यायची. जुळलं तरच तुकडा पुढं.

त्या वर्षी नववीच्या निकालात मार्क वाचायचा तुकडा आमच्या कंपनीच्या साहेबांनी स्वतः लिहिला. सोमलिंग म्हणाला, "साहेब, ह्याला शून्य, पस्तीस आणि शंभरचं कार्ड देऊन बघू की."

साहेब भडकले. "दहा ओळींचा तुकडा, त्यात काय बघायचं? आणि गणितात शंभर कोण पाडतंय इथं?"

गठ्ठा तसाच गेला. जळो मेलं ते शहाणपण!

शंभर पाडले सोमलिंगच्या भाचीनं, रत्नम्मानं. साहेबांचा तुकडा शेवटचे दोनच आकडे वाचत होता. शंभराचं झालं शून्य आणि पोरगी नापास.

तिचा बाप चन्नप्पा टॉवेलच्या मागावर कामाला. नापास झालीस की शाळा बंद, असं त्यानं आधीच बजावलेलं. पोरगी रडून सांगत होती, "आप्पा, माझी सगळी गणितं बरोबर हायत."

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?" म्हणाला, आणि अक्कलकोटकडचं स्थळ पक्कं करून मोकळा झाला.

सोमलिंगनं ते शून्य बघितलं आणि चूक कुठं आहे ते त्याला तिथंच कळलं. साहेबांकडं धावला, तर साहेब म्हणाले, शाळेचा अर्ज आणा. मुख्याध्यापक सुट्टीवर गावी गेलेले. मग तो चन्नप्पाच्या पाया पडला. "भावजी, थांबा. चूक आमच्या प्रोग्रामची हाय."

"भाचीसाठी मामा असंच बोलणार की," चन्नप्पा म्हणाला. दारात लग्नाचा मांडव उभा राहिला. मी अक्षता टाकल्या आणि जेवायला न बसता घरी आले.

दुरुस्त निकाल आला जूनमध्ये. सोमलिंग तो घेऊन तिच्या सासरी गेला. रत्नम्मा भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनी तिनं कागद धरला नाही, नुसता वाचला.

"मामा," ती म्हणाली, "चुकीचा कागद सगळ्यांनी एका दिवसात मानला. ह्यो आता कोण मानंल?"