बिनव्याजी

"काढ तो परकर."

मोठ्या अक्का हे ओरडून म्हणाल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. दिवाणखान्यात दसऱ्याच्या बाहुल्या मांडलेल्या, समोर सतरंजीवर कुंकवाला आलेल्या बायका, आणि मी त्यांना उसळीचे द्रोण वाटत होते. वय चौदा. हातात ताट होतं, म्हणून परकर सोडवून घेता येईना. त्यांनी त्याची कड दोन बोटांत धरली होती.

झालं होतं ते असं. बेंगळूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांतही दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी. त्यांना दरवर्षी नवे कपडे लागतात. मोठ्या अक्कांच्या राजा-राणीचे कपडे मीच शिवायची, कारण माझे वडील, आमचे अण्णा, शिंपी. त्या वर्षी राणीला मोरपंखी रेशमाची साडी केली होती, आणि माझ्या सुती परकराला खाली त्याच रेशमाची पट्टी होती, आठ-दहा तुकडे जोडून केलेली. एक पाहुण्या बाई हसून म्हणाल्या, "अय्या, राणीची नि हिची जोडी बघा गे." बायका हसल्या. मीही हसले. मला वाटलं, माझं कौतुकच चाललंय.

मोठ्या अक्का हसल्या नाहीत.

"हे आमच्या लेकीच्या लग्नातलं कापड."

"कात्रण आहे," मी म्हटलं. "अण्णांनी दिलं."

आमच्या धंद्यात कात्रण शिंप्याचं. गिऱ्हाइकाचं कापड बेतून शिवलं की जे खाली पडतं ते शिंप्याच्या घरात जातं. त्याबद्दल कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. त्याच्या वाकळी होतात, पिशव्या होतात, बाळांची टोपडी होतात. आमच्या घरातली एकेक उशी कुणाच्या ना कुणाच्या लग्नातली होती. मोठ्या अक्कांना हे ठाऊक नव्हतं असं नाही.

"कात्रण परक्या शिंप्याचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरचे. घरच्यांनी विचारायचं असतं. आत जा आणि काढ."

मी आत गेले. काढला, तिथंच टाकला. मोलकरणीनं जुन्या लुगड्याचा एक फाटका तुकडा दिला तो कमरेला गुंडाळला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. चामराजपेटेतला तो सगळा रस्ता मी एका हातानं तो तुकडा धरून चालले. घरोघर बाहुल्या मांडलेल्या, दारं उघडी, दिवे लावलेले. माझ्या वर्गातल्या दोघी समोरून आल्या, नवे परकर घालून. त्यांनी मान वळवली. ते त्यांचं चांगलंच म्हणायचं.

राणीच्या अंगावरची साडी तशीच राहिली. तिला कुणी काढ म्हटलं नाही.

मला वाटलं होतं अण्णा पेटून उठतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, काळी टोपी घातली आणि मोठ्या अक्कांकडे जाऊन "चुकलं" म्हणून आले. वर पेटीतलं होतं नव्हतं तेवढं सगळं कात्रण एका पंच्यात बांधून नेऊन दिलं. आई चुलीपुढे बसली होती.  मी विचारलं, "आपलं काय चुकलं?" अण्णा म्हणाले, "त्या व्याज घेत नाहीत गे आपल्याकडून."

झालं. यापुढे आमच्या घरात बोलायला जागाच नव्हती.

मोठ्या अक्का वकिलांच्या बायको. त्या ब्राह्मण, आम्ही शिंपी, पण घरात दोघांचीही मराठीच. कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेली, कानडीत मुरलेली मराठी. आमच्या घरमालकानं पहिल्यांदा भाडं वाढवलं तेव्हा अण्णांनी त्यांच्याकडे हात पसरला. "व्याज? छे. आपल्या माणसांत कसलं व्याज," त्या म्हणाल्या होत्या. अण्णांना भरून आलं. घरी येऊन त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मग तांदूळ महाग झाला. तेल महाग झालं. रॉकेल महाग झालं. दोन्ही वेळचा भात एका वेळेवर आला, रात्री नाचणीचे उकडलेले गोळे, मुद्दे. पुढे तर कंट्रोलच्या दुकानातली लाल ज्वारी, जिला गिरणीवाल्याच्याही शिव्या. शिलाई मात्र वाढेना. वाढवली की गिऱ्हाईक पेटेतल्या तयार कपड्यांच्या दुकानात जाई. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूणच दरसाल आटत होतं, पाय कितीही आखडले तरी बाहेरच. मग परत मोठ्या अक्का. थोडे भाड्याला, थोडे माझ्या फीला, थोडे आईच्या दुखण्याला. त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. हेच तर वाईट.

कारण त्यांनी नाही म्हटलं नाही, म्हणून आम्हालाही नाही म्हणता येईना. त्यांच्या घरच्या पोलक्यांची शिलाई घ्यायची नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. अण्णांनी एकदा घेतली नाही, आणि मग ती कधीच आली नाही. लेकीच्या लग्नातलं सगळं शिवण आमच्याकडून झालं. आई त्यांचे पापड लाटायला जाई, चकल्या करायला जाई, हळद कुटायला जाई. स्वतःची कंबर धरून घरी येई. मी बाहुल्यांचे कपडे शिवायची, उसळ वाटायची, पाहुण्यांच्या पोरांना खेळवायची. निरोप यायचा तो असा: "अक्का बोलावतात. स्वल्प काम आहे." ते स्वल्प काम कधी संध्याकाळपर्यंत, कधी चार दिवस. आणि एवढं करून मूळ कर्ज होतं तिथंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बाहेर बोलावं तर लोक म्हणणार, देवमाणसं आहेत, व्याज घेत नाहीत.

घरचे होतो आम्ही. पण घरच्यांचा कॉफीचा लोटा पडवीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. पिऊन झाल्यावर तो आम्हीच धुवायचा.

मी एवढी शहाणी नव्हते की हे सगळं मला आपोआप कळावं. मला शिकवलं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवालीनं. कानडी बाई. जाड, तोंडाची फटकळ. तिनंही मार्केटातल्या एका सावकाराकडून पैसे घेतले होते आणि दर आठवड्याला ती त्याला व्याज देत होती. भरपूर व्याज. आम्हा सगळ्यांना तिची कीव यायची. एकदा तो सावकार माझ्यासमोरच तिच्या पाटीतल्या मोगऱ्याच्या माळा उचलायला लागला, घरी पूजा आहे म्हणून. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "बड्डी बेरे, हूवु बेरे." व्याज वेगळं, फुलं वेगळी. फुलांचे पैसे टाक. सावकारानं चारचौघांत पैसे टाकले आणि माळा नेल्या. ती परत गजरा ओवायला लागली.

मी तिथंच उभी राहिले. शाळेची घंटा झाली असणार, मला ऐकू आली नाही. हिच्या डोक्यावर आमच्यासारखंच कर्ज, वर व्याजाचा बोजा, आणि हिची फुलं हिचीच. तिचं तोंडही तिचंच. आमच्याकडे व्याज नव्हतं, आणि आमचं काय उरलं होतं? आईची कंबर त्यांची. अण्णांची शिलाई त्यांची. खाली पडलेलं कात्रणसुद्धा त्यांचं. मला फार राग आला. तो अण्णांचाही आला, ते लपवत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मोठ्या अक्कांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. अण्णांना आणि मला बोलावणं आलं. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. आम्ही पडवीत उभे.

"पोर इथंच राहू दे," त्या अण्णांना म्हणाल्या. "लेक पोटुशी आहे, बाळ होईल, रात्रीअपरात्री कुणीतरी घरचं हवं. वर्षभर म्हण. शाळेचं काय ते मागाहून बघू. शिंप्याच्या पोरीला शाळा किती लागते? आणि तुझ्या पैशाची मला काही घाई नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "सरी, अक्का," म्हणून ते कबूल झाले.

ते दोन शब्द म्हणताना त्यांची मान जी खाली गेली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. मला समोर दिसत होतं. वर्षभर नाही. बाळ रांगेल, मग चालेल, मग दुसरं होईल. मी त्या पडवीत म्हातारी होईन आणि कर्ज तिथंच असेल.   मी तोंड उघडलं.

"मी राहणार नाही."

झोपाळा थांबला.

"आम्हाला व्याज लावा," मी म्हटलं. "बाजारात जे चालतं ते लावा. आणि आमची शिलाई द्या. आईच्या कामाची कूली, मजुरी द्या. व्याज वेगळं, काम वेगळं."

अण्णांनी तिथंच माझ्या थोबाडीत मारली. त्यांनी मला आधी कधी मारलं नव्हतं.  मोठ्या अक्का अण्णांना म्हणाल्या, "हिला कुणी शिकवलं हे? साकु, पुरे. आपल्या माणसांत मला हे बोलणं नको. माझे पैसे आणून टाका, म्हणजे झालं."

घरी आल्यावर आई म्हणाली, "तुझ्या जिभेनं घर बुडवलंस." ते खरंही होतं. अण्णांच्या दोन मशिनींपैकी चांगली मशीन गेली. तिचे आले तेवढे पैसे त्यांच्याकडे गेले, तरी पुष्कळ उरले. उरलेल्यांवर वकिलांनी व्याज लावलं. व्यवस्थित लावलं, कसर ठेवली नाही. अण्णा पेटेत दुसऱ्याच्या दुकानात नगावर शिवायला बसू लागले. माझ्याशी ते कितीतरी महिने बोलले नाहीत. जेवताना ताट सरकवून उठून जायचे. आणि माझी शाळा, जिच्यासाठी मी तोंड उघडलं होतं, ती सुटलीच. फी कुठून भरणार?

मी यशवंतपूरला गोण्या शिवायला जाऊ लागले. मंडईच्या मागे एक पत्र्याची शेड होती. दाभण, सुतळी, गोणपाटाची धूळ. रात्री खोकला यायचा, बोटं सोलून निघायची. रेशमावर बारीक टाका घालणारा आमचा हात, तो सुतळी ओढत बसे. आगीतून फुफाट्यात आले म्हणायचं तर म्हणा. पण शेडवाला माझ्या गोण्या मोजून पैसे द्यायचा, आणि संध्याकाळी भोंगा वाजला की मी उठायची. कुणी थांब म्हणायचं नाही. मी त्याच्या घरची नव्हते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मोठ्या अक्कांचा गडी आमच्या दाराशी आला. "चकल्या करायच्यात, अक्का बोलावतात." मी घरात होते. आई दाराआड उभी होती.  ती हळू आवाजात म्हणाली, "कूली किती देणार, विचारून ये."

तो परत आला नाही.

कर्ज फिटायला वर्षं लागली. महागाई काही आमच्यासाठी थांबली नव्हती. दर महिन्याला कमाई हातात यायची आणि त्यातला मोठा तुकडा वकिलांकडे जायचा. आम्ही नाचणी खाल्ली, वाकळ पांघरली, सणाला गोड केलं नाही. अण्णा शेवटचा हप्ता बघायला राहिले नाहीत. तो द्यायला मी एकटीच गेले.

मोठ्या अक्का आता थकल्या होत्या. झोपाळ्यावरच होत्या. पैसे वकिलांनी घेतले. मी निघाले तशा त्या म्हणाल्या, "झालं ना आता? मग येत जा गे दसऱ्याला. काही झालं तरी घरचीच आहेस तू."

मी उंबऱ्याबाहेर उभी होते.

"माझा परकर द्या," मी म्हटलं.

"कुठला परकर?"

त्या नाटक करत नव्हत्या. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. त्यांच्या घरी इतकं काही येऊन पडत होतं की त्यात माझा परकर कुठला आठवणार. कोनाड्यातला तो लोटा मात्र तसाच होता. मी तो खाली घेतला, अंगणातल्या दगडावर उपडा ठेवला आणि निघून आले.

पुढे मी गोण्या सोडल्या. आता माझी स्वतःची मशीन आहे. ज्या रस्त्यावरून मी लुगड्याचा तुकडा गुंडाळून चालले होते, तिथंच बसते. बायका येतात, मराठी बोलतात, नातं काढतात, गावं काढतात. मी ऐकून घेते. टेप गळ्यातच राहते. आधी शिलाई सांगते. कात्रण माझं, हेही आधीच सांगते. कबूल असेल तर माप घेते. आणि कुणी हसून म्हणालं, "अगं, तू तर घरचीच," की मी कात्री खाली ठेवते आणि शिलाई पुन्हा सांगते.