तोंड झाकून काढलेलं वर्ष

भारत मूळचा मंगळवेढ्याकडचा. मेंढरं विकून तो सोलापुरात आला आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या यंत्रमागावर कामाला लागला. त्याची पोरगी सृष्टी नववीत होती, तेव्हा खो-खोच्या मैदानावर तिला शिवणं भल्याभल्यांना जमत नसे. पळता पळता ती अशी हुलकावणी द्यायची, की पाठलाग करणारी पोरगी मातीत जाऊन पडायची. ही जिल्ह्याच्या संघात जाणार, असं शाळेत सगळे धरूनच चालले होते.

नववीची परीक्षा संपली आणि त्या उन्हाळ्यात तिच्या कपाळावर पुटकुळ्या आल्या. मग गालांवर, मग हनुवटीवर. लाल, ठणकणाऱ्या, पिकलेल्या. शेजारच्या बजाबाई दारातूनच म्हणाल्या, "पोट साफ न्हाय तिचं. तेलकट बंद करा." आईनं शेंगाचटणी बंद केली, भजी बंद केली. सृष्टी दिवसातून कितीदा तरी साबणानं खसाखसा तोंड धुवायची, आरशापुढं उभी राहून एकेक फोड नखानं फोडायची. फोडलेल्या जागी डाग राहायचा आणि शेजारी नवी पुटकुळी उगवायची. शाळा सुरू झाली. एकदा तिचा रुमाल खाली पडला, तर बाकावरच्या मैत्रिणीनं तो चिमटीत धरून उचलला आणि विचारलं, "हे दुसऱ्याला होतं का गं?"

त्या दिवशी सृष्टी जेवली नाही. आई उठली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तोंडाला लावायच्या मलमाची एक ट्यूब घेऊन आली.

ट्यूबनं गुण दिला. थोड्याच दिवसांत पुटकुळ्या बसल्या, रंगही उजळला. "बघ की, कसं चकाकतंय तोंड!" आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. एक ट्यूब संपली की दुसरी यायची. पण पुढं पुढं गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. उन्हात गेलं की तोंडाची आग व्हायची. एखाद्या दिवशी लावायचं राहिलं, तर पहिल्यापेक्षा दुप्पट फोड उठायचे. ती घाबरून पुन्हा लावायची. आणि मग डोळे तेवढे उघडे ठेवून ती ओढणीनं तोंड बांधू लागली.

जिल्ह्याच्या निवडीला ती तशीच गेली.

"ओढणी काढ, सृष्टी. दम कोंडंल," खेळाचे शरणप्पा सर म्हणाले.

"न्हाय सर. पळते मी."

पळतही होती चांगली. पण खांबाला वळसा घालताना ओढणीची गाठ सुटली. मैदानाभोवती सगळ्या तालुक्यांच्या पोरी बसलेल्या. सृष्टीचे दोन्ही हात चेहऱ्याकडं गेले, पाय थांबले, आणि पाठीवर थाप पडली. ती बाद झाली. पुढच्या डावाला ती उभीच राहिली नाही.

घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. भारतनं जवळ बसून विचारलं, "काय झालं, बाळा?" ती म्हणाली, "मला नको खेळायचं आता. कुटंच न्हाय जायचं."

भारतनं कारखान्यातली पाळी बुडवली आणि मायलेकींना सरकारी दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टर बाईंनी सृष्टीचा चेहरा खिडकीकडं वळवून बराच वेळ पाहिला.

"ही ट्यूब कुणी लिहून दिली?"

"कुनी न्हाय. मेडिकलवाल्यानं दिली," आई म्हणाली.

"यात स्टेरॉइड आहे. आधी बरं वाटतं, मग कातडी खाऊन टाकतं." मग त्या सृष्टीकडं वळल्या. "पुटकुळ्या घाणीनं येत नाहीत, बाळ. वयात येताना कातडीखालच्या ग्रंथींतून तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात, आत सूज येते. तुझ्या वयात बहुतेकांना होतं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घासायचं नाही, फोडायचं नाही. साध्या साबणानं दोनदाच हळू धुवायचं आणि मी देते तेच औषध लावायचं. गुण यायला महिने लागतील, सोडायचं नाही."

"डाग जातील?" सृष्टीनं विचारलं.

"डाग फिके पडतील. खड्डे पडलेत ते सगळे नाही भरायचे."

बाहेरच्या बाकावर आई पदर तोंडाला लावून बसली. "मीच आणून दिली की गं," एवढंच म्हणाली. सृष्टी तिच्या शेजारी जाऊन बसली.

ट्यूब सुटल्यावरचे दिवस फार वाईट गेले. चेहरा सुजायचा, पाणी लागलं तरी झोंबायचं. आई ओलं फडकं तिच्या गालावर धरून बसायची. हळूहळू सूज उतरली, नव्या पुटकुळ्या कमी झाल्या. औषध आणि अभ्यास चालू ठेवून सृष्टी दहावी पास झाली.

आता ती अकरावीला आहे. गालांवर खड्डे आहेत. ओढणी तिनं सोडली, पण बोलताना हात आपोआप हनुवटीवर जातो. तिच्या जागी निवडलेली पोरगी यंदा राज्याच्या स्पर्धेत खेळून आली, तेव्हा आईनं विचारलं, "जाशील का पुन्हा सरावाला? मी येते संगं."

"न्हाय, आई," ती म्हणाली. कॉलेजमधून येताना मैदानाकडचा रस्ता टाळून ती लांबून घरी येते.