मवाबी शिळा आणि माझा तर्जुमा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: पाद्रीसाहेबांच्या व्याख्यानाला गिरगावात ज्या टाळ्या पडल्या, त्या माझ्या थापेला होत्या.

साहेब विलायतेहून नवेच आलेले. मराठीत ‘बसा’ आणि ‘पाणी’ एवढंच येई. मी मिशनशाळेतला मास्तर, त्यांचा दुभाषी. नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, त्यामुळे आईचं दार मला बंद.

जादूचा कंदील बघायला परळचे गिरणीवाले, माझगावच्या कोळणी, सगळे लोटले होते. ‘आता एका राजाची शिळा बघा,’ असं मी म्हणतोय तोच पडद्यावर काळी शिळा उमटली ती उलटी! “राजा शीर्षासन करतोय!” कोणीतरी ओरडलं. हशा थांबेचना. साहेब हसत होते, मी त्यांच्याहून जास्त, आणि हसता हसताच तर्जुमा चालला होता. हा लेख कोरवणारा मवाबचा राजा, मवाब म्हणजे इस्राएलच्या शेजारचा देश. आमच्या शास्त्रात, बायबलात, लिहिलंय, यानं इस्राएलविरुद्ध बंड केलं तेव्हा इस्राएलसकट तीन राजे चालून आले, याची नगरं धुळीला मिळवली. अन् शिळेवर हा स्वतः म्हणतो, मीच इस्राएलची गावं घेतली, इस्राएल कायमचा बुडाला.

“अरं मास्तर,” पुढ्यातली कोळीण म्हणाली, “मंग जिकलं कोन?”

“दोघंही म्हणतात, आम्हीच.”

“दोघंबी जिकलं? मंग मेलं कोन?”

लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. मी डोळे पुसत प्रश्न साहेबांना सांगितला. ते चष्मा काढून म्हणाले, मला माहीत नाही. शास्त्रातसुद्धा ते राजे शेवटी माघारी फिरतात. लोकांना असंच सांगा.

साहेबांनाच माहीत नाही? मग मी आईला कशासाठी सोडलं? तोंडावरचं हसू मात्र जाईना. मी ओरडलो, “साहेब म्हणतात, इस्राएलच जिंकला! हा शिळेवरचा राजा लबाड!”

काय टाळ्या, काय शिट्ट्या! “लबाड, लबाड!” म्हणत गिरणीवाले बाकांवर चढून नाचले. साहेबांना वाटलं, आपल्या खरेपणाचंच हे कौतुक. परतताना ट्रामीत डोळे भरून म्हणाले, मायदेशी हे बोलायची माझी छाती झाली नव्हती. “होय साहेब,” म्हणताना मला पुन्हा हसू फुटलं. तेही हसले. घोडे थांबेपर्यंत आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

तीच समजूत घेऊन ते वारले. त्या कोळणीला मी साहेबांचं उत्तर देणं लागतो: मला माहीत नाही.